सुट्या भागांचं धनुष्य घरी बनवताना

तीन तुकड्यांत सुटणारं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य घरच्या घरी बनवायचं काम मी नोव्हेंबरात हाती घेतलं आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते स्पर्धेच्या उपकरण-तपासणीतून पार पडलं. मधला बराचसा काळ लाकूड स्थिरावण्यात, इपॉक्सी (थर जोडायचा गोंद) घट्ट होण्यात आणि वार्निश वाळण्यात गेला. हत्यार हातात धरून केलेलं काम त्या मानाने थोडं. ज्यांना हे करावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे. मला स्वतःला अशी सलग हकिगत कुठे मिळाली नव्हती. जे मिळालं त्यात प्रत्येक जण आपल्याला आवडणाऱ्या टप्प्याबद्दलच सांगत होता.

आधी रचना थोडक्यात. मधला लाकडी दांडा म्हणजे रायझर. त्याच्या वर-खाली दोन पाती बोल्टने बसतात, पात्यांच्या टोकांना दोरी. पाती पातळ थरांची असतात: आत लाकडाच्या दोन-तीन पट्ट्या, पोटाला (ओढणाऱ्याकडच्या बाजूला) आणि पाठीला (पलीकडच्या बाजूला) फायबरग्लासची एकेक पट्टी. स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक धनुष्यांची पाती आयएलएफ नावाच्या ठरलेल्या जोडणीने खटकन बसतात आणि बोल्ट फिरवून त्यांचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, थोडाफार कमी-जास्त करता येतो. त्यासाठी धातूचे नेमक्या मापाचे भाग लागतात. मी साध्या बोल्टची पद्धत घेतली. ती घरी जमते, पण बोल्ट नुसता घट्ट करायचा असतो, त्याने काही जुळवून घेता येत नाही. दोन पात्यांमधला तोल पात्यांतच आणावा लागतो.

नोव्हेंबर कागदावरच गेला. दोरी ओढायची माझी लांबी, हवा असलेला ताण, एकूण लांबी 64 इंच, रायझर 20 इंच, पाती बसायच्या जागेचा उतार 15 अंश. हे सगळं पूर्ण मापात जाड कागदावर काढलं. धनुष्यावर लिहिलेला ताण 28 इंचांवरचा असतो आणि ते 28 इंच मोजायची ठरलेली रीत आहे: दोरीत बाण अडकतो त्या जागेपासून (नॉक) हाताने धरायच्या जागेच्या, म्हणजे ग्रिपच्या, सगळ्यात खोल बिंदूपर्यंत 26¼ इंच, त्यात 1¾ इंच मिळवायचे. माझी ओढ त्याहून कमी भरते, म्हणून 28 इंचांवर 40 पाउंड हवे असं ठरवलं. पहिल्यांदाच धनुष्य बनवणाऱ्याने याहून जड पात्यांच्या मागे लागू नये. तोल बघण्यासाठी पाती पुन्हा पुन्हा चढवावी-उतरवावी लागतात आणि जड पात्यांशी झटताना नजर मापावर राहत नाही.

स्पर्धेचे नियमही मी याच महिन्यात वाचले, आणि त्याचा फार उपयोग झाला. मला बेअरबो प्रकारात, म्हणजे धनुष्यावर नेम धरायचं साधन न लावता, उतरायचं होतं. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमात धनुष्य कंपनीचं असावं अशी अट नाही. ग्रिप, रायझर, दोन लवचीक पाती आणि टोकांना दोरीची खाच, अशी धनुष्याची व्याख्या आहे. पण बेअरबोसाठी दोन गोष्टी थेट रचनेवर परिणाम करतात. दोरी उतरवलेलं धनुष्य, त्यावरच्या परवानगी असलेल्या सामानासकट, 12.2 सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून जायला हवं. आणि बाणाशेजारी जी मोकळी खिडकी असते, तिथे नेम धरायला वापरता येईल अशी खूण, डाग किंवा वेगळ्या लाकडाचा जोड चालत नाही. लाकडी रायझरमध्ये शोभेच्या रंगीत पट्ट्या घालायची हौस सगळ्यांनाच असते. मी ती पट्टी रायझरच्या पाठीला, खिडकीपासून लांब घेतली. हे नंतर समजलं असतं तर सगळा रायझर नव्याने करावा लागला असता.

लाकूड डिसेंबरात आणलं. रायझरसाठी कठीण, सरळ रेषांचा ठोकळा, 50 मिलिमीटर जाड. पात्यांच्या गाभ्यासाठी मेपल. विकणारा कितीही छातीठोकपणे सांगो, लाकूड घरात आणून काही आठवडे तसंच ठेवावं. मी ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावलं आणि दर रविवारी त्याचं वजन वहीत लिहीत गेले. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेला रुळलं असं समजायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते थांबलं.

त्या रिकाम्या वेळात साचा केला. पात्याचा बाक जसा हवा तसा प्लायवुडच्या थरांत कापून, घासून तयार करायचा. साच्याची वरची कड बाजूंशी काटकोनात नसेल तर पातं जन्मतःच पिळलेलं निघतं, आणि पिळलेलं पातं सरळ करताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून गुण्या घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर तपासलं, मागून दिव्याचा उजेड पाडून. गुण्याखालून उजेडाची फट दिसली की तिथे पॉलिश पेपर. या कामाला कंटाळा येतो, पण पुढचे दोन महिने वाचतात ते इथेच.

आता ताण कशावर ठरतो ते, कारण जाडीचा धाक मला सगळ्यात जास्त होता. पात्याचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी 1 टक्का वाढली की ताण साधारण 3 टक्के वाढतो. सगळे थर मिळून 10 मिलिमीटरच्या आसपास जाडी असेल तर 0.1 मिलिमीटरचा फरक म्हणजे 40 पाउंडांच्या धनुष्यात सव्वा पाउंडाच्या जवळ. लाकडाच्या पट्ट्या टोकाकडे निमुळत्या होत जातात: माझ्या दोन पट्ट्यांपैकी प्रत्येकीची जाडी दर 100 मिलिमीटरला 0.2 मिलिमीटर उतरते. यासाठी उताराची एक पाटी करून घेतली, पट्टी तिच्यावर चिकटवायची आणि ड्रम सँडरखालून काढायची. सँडर माझ्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे दोन शनिवार बसून काम उरकलं. वर-खालच्या पात्यांच्या पट्ट्या एकाच फळीतून, एकामागोमाग काढाव्यात आणि व्हर्निअरने दोन्हींची जाडी त्याच त्याच ठिकाणी मोजून पट्टीवरच पेन्सिलने लिहावी.

खर्चाचं इथेच सांगते. निम्म्याहून जास्त पैसे फायबरग्लासच्या पट्ट्यांत आणि उष्णतेवर घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत गेले. पट्ट्या धनुष्यासाठी म्हणून बनवलेल्याच घ्याव्यात, ज्यांत सगळे तंतू एकाच दिशेने लांबीत धावतात. विणलेलं कापड घालून बनवलेली फायबरग्लासची पाटी स्वस्त असते, पण तिचे निम्मे तंतू आडवे असल्यामुळे ती या कामाची नाही. या पट्ट्या यायला पाच आठवडे लागले, कारण कस्टमवाल्यांनी माल नेमका काय आहे हे लेखी विचारलं. मी वापर, माप आणि बिलाची प्रत असं एका पानात कळवलं आणि पाकीट सुटलं. असं काही मागवताना मालाचं वर्णन साध्या शब्दांत लिहायला पुरवठादाराला आधीच सांगावं. नुसतं ‘धनुष्याचे भाग’ असं लिहिलं की प्रश्न वाढतात. साच्याचं प्लायवुड मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांचं चालतं.

मार्चमध्ये पाती चिकटवली. दिवसभर मी बाकी काही ठेवलं नव्हतं. आदल्या दिवशी इपॉक्सीशिवाय रंगीत तालीम केली: थर रचायचे, साच्यात ठेवायचे, वरून हवेची नळी, झाकण, बोल्ट, आणि घड्याळ बघायचं. मग खऱ्या दिवशी प्रत्येक थराच्या दोन्ही अंगांना इपॉक्सी, बुंध्याशी पाचर, साच्याला पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं. नळीत हवा भरत 60 पीएसआयपर्यंत नेली तसा कडेने सगळ्या लांबीभर इपॉक्सीचा सारखा ओघळ आला. तो सारखा आला म्हणजे दाब सगळीकडे पोचला. जिथे ओघळ नाही तिथे थर सुटायची भीती. नंतर सगळा साचा उष्णतेच्या पेटीत ठेवला. पेटी म्हणजे आतून उष्णतारोधक पत्रे लावलेलं लाकडी खोकं, बल्ब आणि थर्मोस्टॅट. तापमान आणि वेळ इपॉक्सीच्या माहितीपत्रकात असते तीच पाळायची. माझी 75 अंश सेल्सिअसला पाच तास होती. पेटी चालू असताना घर सोडून जायचं नाही आणि शेजारी अग्निशामक ठेवायचा. बंद केल्यावर घाईने उघडू नये, रात्रभर आतच निवू द्यावं. सकाळी साच्यातून पातं निघालं तेव्हा ते इतकं ताठ आणि जड वाटलं की यातून धनुष्य होईल यावर विश्वास बसेना. कडा कापल्यावर वाटतं.

कडा कापण्याआधी मास्क. फायबरग्लासची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, बारीक धुळीचे फिल्टर लावलेला रबरी मास्क हवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा, हातमोजे. ओल्या इपॉक्सीला उघड्या हाताने शिवू नये, कातडीला एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती जन्माची. धूळ झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आता रायझर. या सगळ्या हकिगतीतून एकच गोष्ट कोणी उचलणार असेल तर ही उचलावी: ठोकळा चौकोनी आहे तोवर सगळे कोन आणि सगळी भोकं पूर्ण करून घ्यायची. लाकूड कोरून ग्रिपचा गोल आकार काढायला हात शिवशिवतात, पण एकदा कडा गेल्या की गुण्या टेकवायला जागाच राहत नाही. मी ठोकळ्याच्या चारही बाजूंवरून मध्यरेषा फिरवली, दोन्ही टोकांचे 15 अंशांचे उतार एकाच लाकडी नमुन्यावरून कापले आणि ड्रिल प्रेसवर त्या उताराला लंब असं बोल्टचं भोक पाडलं. भोकात पितळी आट्यांची नळी इपॉक्सीने बसवली. बोल्ट 8 मिलिमीटरचा, डोक्याखाली रुंद वॉशर, कारण दोरी ओढली की सगळा उपसा तिथेच येतो. लाकडाला थेट आटे पाडून भागवू नये.

बोल्टच्या शेजारी 6 मिलिमीटरची एक पिन असते, जी पात्याला डावी-उजवीकडे फिरू देत नाही. तिचं भोक मी मुद्दाम शेवटी ठेवलं. दोन्ही पाती बोल्टने हलकी आवळून, वरच्या टोकाच्या मध्यापासून खालच्या टोकाच्या मध्यापर्यंत काळा दोरा ताणला. ठोकळ्यावर मध्यरेषा होतीच. दोऱ्याची सावली रेषेच्या डावीकडे पडत होती. खालच्या पात्याला बोटाने किंचित ढकललं तशी सावली सरकली, रेषेवर आली आणि दोरा, सावली, रेष तिन्ही एक झाले. तिथे क्लॅम्प आवळले, पुन्हा दोन्ही टोकांकडून एक डोळा मिटून पाहिलं आणि मगच पात्यातून रायझरमध्ये आरपार एकाच दमात पिनचं भोक घेतलं. दोन्ही भोकं वेगवेगळी पाडून नंतर जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. पात्यांवर ‘वर’ आणि ‘खाली’ असं लगेच लिहून टाकावं.

एप्रिलभर पात्यांचा आकार. बुंध्याशी 44 मिलिमीटर रुंद, टोकाशी निमुळती. टोकांना जादा थर चिकटवून, गोल कानशीने दोरीच्या खाचा काढल्या. फायबरग्लासच्या कडा फोडू नयेत म्हणून कानस नेहमी फायबरग्लासकडून लाकडाकडे चालवायची. खाचेत एकही धारदार कड राहता कामा नये, दोरी तिथेच तुटते.

पहिल्यांदा दोरी चढवायच्या दिवशी मी आमच्या सरांना बोलावलं. या कामाला दुसरा माणूस हवाच. दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा साधारण चार इंच कमी हवी, पण पहिल्यांदा थोडी लांबच घेतली म्हणजे पाती जरा कमी वाकतात. चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांत अडकवून पायाखाली दाबायचा दोर) वापरला, पायात अडकवून वाकवायची जुनी सवय पात्याला पीळ देते. सरांनी टोकाकडून पाहिलं आणि म्हणाले, “खालचं पातं जरा उजवीकडे बघतंय. हात लावायची घाई करू नकोस, रात्रभर चढवलेलंच राहू दे.” सकाळी तेवढंच होतं. मग जी कड जास्त ताठ, तिच्यावरून पॉलिश पेपरचे मोजके हात, दोरी चढवायची, बघायची, उतरवायची. रायझर अजून चौकोनी होता, त्यामुळे दोरी मध्यरेषेवर पडते की नाही हे डोळ्यांना लख्ख दिसत होतं.

टिलर म्हणजे दोन पात्यांतला तोल. रायझर संपतो तिथून दोरीपर्यंतचं अंतर वर आणि खाली मोजायचं. दोरीवर एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवणाऱ्यांसाठी खालचं पातं किंचित ताठ ठेवतात, म्हणजे वरचं अंतर 3 ते 6 मिलिमीटर जास्त. बेअरबोमध्ये सहसा तिन्ही बोटं बाणाखाली असतात, म्हणून मी दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी ठेवली. हे सगळं भिंतीवरच्या टिलर-फळीवर केलं: धनुष्य वर खुंटीवर, दोरीला आकडा, आकड्याला वजनकाटा, कप्पीवरून दोर लांब आणलेला. ओढायचं लांबून आणि बाजूला उभं राहून. नवं पातं फुटलं तर त्याचे तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. डोळ्यांवर चष्मा, खोलीत मुलं-प्राणी नाहीत. बाण न लावता दोरी सोडायची तर कधीच नाही.

28 इंचांवर काटा 44 पाउंडांवर थांबला. हे मुद्दामच जास्त ठेवलेलं होतं. कडा घासताना ताण उतरतो आणि उतरवता येतो, चढवता येत नाही. रुंदी दोन्ही कडांनी सारखी कमी करत, कडा गोल करत 40.5 पाउंडांवर आणून मी थांबले. जाडीवर, म्हणजे फायबरग्लासच्या तोंडावर, कानस चालवली नाही, तंतू कापले जातात.

यानंतरच मेमध्ये रायझरला आकार दिला. खिडकी, बाण टेकायची जागा, ग्रिप. खिडकी मध्यरेषेच्या 3 मिलिमीटर पलीकडे कापली. लाकडात एक गडद रेघ होती, ती खिडकीत येऊ नये म्हणून आराखड्याच्या वेळीच ठोकळा उलटा धरला होता. ग्रिपला गोल कानस, मग पॉलिश पेपर, मग हातात धरून दहा मिनिटं उभं राहायचं. तळव्याला जिथे टोचतं तिथे पेन्सिलीने खूण. हा माझा सगळ्यात आवडता महिना. ग्रिपच्या गळ्याशी लाकूड फार बारीक करू नये, दोन्ही पात्यांचा सगळा भार त्या गळ्यातून जातो.

वार्निशला जून-जुलै लागले. दमट दिवसांत थर चटकन वाळत नाही. पातळ हात, दोन दिवस थांबणं, बारीक पेपर, पुन्हा हात. पाती बसतात त्या उतारांवर मात्र वार्निश जाड होऊ देऊ नये, तेवढ्या जाडीनेही बैठक हलते.

ऑगस्टमध्ये जुळवणी. रायझर आणि दोरीमधलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, पावणेआठ इंचांवर सगळ्यात शांत आवाज देत होती. त्यासाठी दोरीला पीळ घालत किंवा काढत जायचं. बाणांसाठी पिसांचे तीन आणि बिनपिसाचा एक, असे 18 मीटरवरून सोडून पाहिले. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे गेला तर बाण जास्त ताठ, उजवीकडे गेला तर जास्त लवचीक. माझा डावीकडे गेला, जड टोक लावल्यावर जवळ आला. हलके बाण नव्या पात्यांना मारक असतात. मी ताणाच्या एका पाउंडाला बाणाचं वजन किमान 8 ग्रेन (वजनाचं छोटं माप) हे गणित धरलं, म्हणजे 40 पाउंडांना 320 ग्रेनच्या खाली नाही. पहिले काही दिवस दर सत्रानंतर बोल्ट तपासावेत आणि पात्याच्या कडेवरून सुती कापड फिरवून बघावं. तंतू सुटला असेल तर कापूस अडकतो.

स्पर्धेचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच भरावा लागला. सभासद क्रमांक, वयाचा दाखला आणि प्रकाराच्या रकान्यात बेअरबो. प्रकार नंतर बदलून मिळत नाही. घरी बनवलेलं धनुष्य चालेल का, हे मी आयोजकांना लेखी विचारलं होतं. तपासणीत नियमात बसलं तर चालेल, असं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्या उत्तराची छापील प्रत सोबत ठेवली.

तपासणीच्या टेबलावर माझ्या हाताला घाम सुटला होता. पंचबाईंनी दोरी उतरवायला सांगितली, कडं वरच्या टोकाकडून घातलं आणि ते ग्रिपवरून सरकत खालच्या टोकाने बाहेर आलं. मग त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिलं. दोरीवरचा मधला दोऱ्याचा वेढा कुठे संपतो तेही पाहिलं, कारण ओढलेल्या अवस्थेत त्याचं टोक डोळ्यासमोर येता कामा नये. बाणांवर माझी आद्याक्षरं आहेत ना, सगळे एकसारखे आहेत ना, हे मोजून झालं. “लाकूड कुठलं?” एवढा एक प्रश्न त्यांनी नियमाबाहेरचा विचारला आणि सही केली.

फायबरग्लास मी दोन जोड्यांना पुरेल इतकं मागवलं होतं, आणि आता त्याच साच्यावर 30 पाउंडांची हलकी पाती करायला घेतली आहेत, क्लबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलींना ओढून बघता येतील अशी. रायझर तोच, बोल्ट तेच. बदल फक्त गाभ्याच्या जाडीत: घनाच्या गणिताने एकूण जाडी सुमारे 10 टक्क्यांनी कमी लागते. पिनचं भोक मात्र रायझरमध्ये आधीच असल्यामुळे या वेळी काळा दोरा ताणून पात्यातच पाडावं लागेल.